छर्रा एकसारखा बसेना

९ ऑक्टोबर

आज रायफल घरी आली. जालन्याच्या क्लबचे अंगद सर ती घेऊन टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरले तेव्हा चहाच्या टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. हवेवर चालणारी आहे, तिला परवाना लागत नाही, हे मला प्रत्येकाला वेगळं सांगावं लागलं. बॅरल मोडून छर्रा भरायची जुनी बनावट. लाकडावर दोन-तीन ओरखडे, पण आतलं काम सुबक. उभा जन्म लेथवर काढला, त्यामुळे एवढं तरी कळतं.

रायफल मोनालीसाठी आहे. मोनाली आमची सून. कॉलेजात एनसीसीत होती तेव्हा तिच्या नेमाचं नाव होतं. लग्न झालं आणि ते राहून गेलं. आमचा पप्पू पुण्याला कंपनीत आहे, चार पोरांच्या खोलीत राहतो, म्हणून सून सध्या आमच्याकडे. डिसेंबरात संभाजीनगरला विभागाची निवड आहे. निवड झाली तर ती राज्य स्पर्धेला जाईल. नाही झाली तर रायफल क्लबला परत. सरांनी स्पष्टच सांगितलं, "मिस्त्री, मोकळी अशी एवढीच हाये. निवड झाली न्हाई तर दुसऱ्या पोराला द्यावी लागंल."

मोनाली पाणी घेऊन आली होती, तिनं ऐकलं. सर गेल्यावर म्हणाली, "मामा, एकदा राज्याला गेले ना, मंग मी काहीच मागणार न्हाई." तिनं आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण मी मान हलवली.

माझी बायको उषा म्हणाली, "सासऱ्यानं सुनंला बंदूक आणून दिली. गाव काय म्हणंल?"

मी म्हणालो, "गाव म्हणंल, राजानंद मिस्त्री सुधारलेला माणूस हाये."

"ते तर तुम्हीच म्हणून राह्यले," उषा म्हणाली आणि चुलीकडे गेली.

१४ ऑक्टोबर

सकाळी विहारात वंदनेला जाऊन आलो. दुपारी शेडचं काम संपवलं. कडबा एका बाजूला सारला, दारापासून भिंतीपर्यंत दहा मीटर मोजून घेतले, भिंतीला वाळूची पोती आणि पुढे फळी. दाराला आतून कडी. नेमबाजी चालू असताना पलीकडच्या गल्लीतलं शेळीचं करडूसुद्धा आत येता कामा नये.

घरात कायदा केला आहे. पाच वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत मोनालीला कोणी काम सांगायचं नाही. कोणी म्हणजे उषा, कारण घरात तिसरं माणूस मीच आहे. उषानं ऐकून घेतलं.

शेड अर्धवट असतानाही पहिले चार दिवस झकास गेले. कालचे दहा छर्रे नाण्याखाली झाकले जातील एवढ्या जागेत. अंगद सरांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं.

२३ ऑक्टोबर

रान पांढरं झालं. सगळ्या गावाचा कापूस एकदम फुटला, त्यामुळे रोजाच्या बाया मिळेनात. उषा आणि मोनाली दोघी सकाळपासून वेचून राह्यल्यात. मी संध्याकाळी गाठोडी बैलगाडीत टाकली आणि लगेच शेडमध्ये येऊन फळी लावली. वेळ म्हणजे वेळ.

पण आज छर्रे वर-खाली गेले. डावी-उजवीकडे नाही, नुसते वर-खाली. शिडीच्या पायऱ्या लावल्यासारखे.

मी विचार केला. हा छर्रा म्हणजे करंगळीच्या नखाएवढं शिसं. डोकं सपाट, कमरेत बारीक, मागे परकरासारखा पातळ घेर. बॅरल मोडली की त्याच्या तोंडात तो ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबायचा. घेर तोंडाच्या बरोबरीला बसला तर हवेचा सगळा जोर त्याला मिळतो. जरा बाहेर राहिला तर बॅरल मिटताना घेर चेपतो, हवा निसटते, छर्रा मंद सुटतो आणि खाली लागतो. म्हणजे दोष असलाच तर तिथे आहे. छर्रा एकसारखा बसत नाही.

मोनालीला समजावून सांगितलं. "हो मामा," म्हणाली. फार बोलत नाही पोरगी.

२६ ऑक्टोबर

आज मोजून बघितलं. मोनालीला छर्रा भरायला लावायचा आणि बॅरल न मिटता व्हर्नियरच्या, म्हणजे माप घ्यायच्या आकड्यांच्या चिमट्याच्या, मागच्या बारीक पट्टीनं तो किती आत गेला ते बघायचं. एकही माप दुसऱ्याशी जुळेना. एक बरोबरीला, एक अर्धवट, एक तर जवळजवळ बाहेरच. आमच्या कारखान्यात असला माल निघाला असता तर साहेबानं मशीनवरूनच हाकललं असतं.

मी जरा बोललो. म्हणालो, हात तोच, छर्रा तोच, मग फरक कशाचा? चित्ताचा. मन ठिकाणावर नसलं की हात कधी जोर लावतो, कधी सोडून देतो. ती ओढणीत हात गुंडाळून खाली बघत ऐकत होती. एवढ्या शांतपणे ऐकणारी मुलं आता राहिली नाहीत. कारखान्यातली पोरं असं ऐकत असती तर मी रिटायर झालोच नसतो.

३० ऑक्टोबर

दोन दिवस अवकाळी पाऊस. कापूस ओला, त्यामुळे शेतात कोणी गेलं नाही. उषानं फार दिवसांनी गोधडी काढली, मोनाली तिला सुईत दोरा ओवून देत बसली होती.

मी रिकामा नव्हतो. बॅरल आतून पुसून काढली, डब्यातले छर्रे एकेक करून कापडावर लोळवून साफ केले, चेपलेले वेगळे काढले. आज संध्याकाळी मोनालीनं नेम धरला आणि काय सांगू, पुन्हा नाण्याएवढ्या जागेत! म्हणजे घाण होती. मला आधीच सुचायला हवं होतं. अंगद सरांना फोन करून सगळी रीत सविस्तर सांगितली. ते म्हणाले, "बराबर, बराबर." मध्येच त्यांना दुसरा फोन आला.

सकाळी रेशनच्या दुकानात मात्र डोकं फिरलं. उषाचा अंगठा मशीन घेईना. पदरानं पुसला, पाण्यानं धुतला, पुन्हा पुन्हा लावला, तरी लाल दिवा. शेवटी मी माझा लावला तेव्हा एका फटक्यात घेतला. असली भंगार मशीनं सरकार कुठून आणतं कळत नाही.

४ नोव्हेंबर

वाफसा आला, वेचणी पुन्हा सुरू. आणि छर्रे पुन्हा वर-खाली.

बॅरल मी रोज पुसतोय. छर्रे निवडलेले. मग आता काय? मला संशय आला तो फोनचा. नवऱ्याशी बोलणं झालं की मन तिकडेच राहत असणार. पप्पूला फोन लावला आणि सांगितलं, बाबा रे, निवड होईपर्यंत संध्याकाळचं बोलणं बंद ठेव.

तो म्हणाला, "पप्पा, कुठलं बोलणं? आठ दिवस झाले, ती दोन मिनिटांत ठेवून देती. म्हणती, फोन धरवत न्हाई."

फोन धरवत नाही! आमच्या वेळी बैलगाडीचं जू खांद्यावर घेऊन लोक चालत होते आणि ह्यांना फोन धरवत नाही. पप्पूलाच समजावलं की बायकोशी प्रेमानं बोलत जा, म्हणजे तीही बोलेल.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस माझा.

सकाळच्या गाडीनं जालन्याला गेलो. एमआयडीसीत पुंजारामचं छोटं वर्कशॉप आहे, आम्ही बरोबर नोकरीला लागलो होतो. त्याच्या लेथवर स्वतः उभा राहिलो. पितळेची कांडी घेतली आणि दट्ट्या बनवला. पुढचं टोक छर्र्याच्या पोटात बसेल एवढं, मागे तळहाताला टेकायला गोल बोंड, आणि मधे एक खांदा ठेवला. दट्ट्या दाबला की खांदा बॅरलच्या तोंडाला टेकतो आणि तिथेच थांबतो. कोणी पैलवानानं दाबला काय, लेकरानं दाबला काय, छर्रा तेवढाच आत जाणार.

पुंजाराम म्हणाला, "हात न्हाई विसरलास अजून."

संध्याकाळी मोजलं. सगळी मापं एक. केसाचा फरक नाही. घेर तोंडाच्या किंचित आत ठेवला की सगळ्यात चांगला लागतो असंही दिसलं, त्यामुळे खांदा कानशीनं एक हात मारून कमी केला.

मोनालीनं दट्ट्या हातात फिरवून बघितला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. कामाची कदर करणारं माणूस घरात असावं.

१२ नोव्हेंबर

वर-खाली जाणं बंद झालं. एवढं तरी वहीत ठळक लिहून ठेवतो.

पण आता छर्रे डाव्या-उजव्या बाजूला जाऊन राह्यले. खोली मी रोज मोजतो, ती बरोबर आहे. मग चुकतंय कुठे? समोरच्या माशीचा, म्हणजे बॅरलच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीचा, स्क्रू सैल असेल म्हणून आवळला. मोनालीनं चापाच्या बोटाला चिकटपट्टी लावली आहे. विचारलं तर म्हणाली, "काही न्हाई मामा, काटा लागला." पट्टी जाड दिसते. काटा एवढासा आणि पट्टी एवढी मोठी. असो. स्क्रू उद्या पुन्हा बघतो.

१६ नोव्हेंबर

अंगद सर येऊन गेले. उभे राहून चार-पाच फैरी बघितल्या आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, असंच राह्यलं तर संभाजीनगरला नेण्यात अर्थ न्हाई. पोरगी नाराज होईल उगाच." ते गेल्यावर मोनालीनं विचारलं, "सर काय म्हणले?" मी म्हणालो, चांगलं म्हणाले. तिला कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

जेवायला बसलो. ठेचा-भाकरी, वांग्याची भाजी. मोनाली भाकरी भाजीत बुडवून चमच्यानं खात होती. माझं आधीच बिनसलेलं, त्यात हे दिसलं. म्हणालो, "काय मोनाली, पुण्याला जायच्या आधीच साहेबीन झाली का?"

उषानं हातातलं ताट खाली ठेवलं. "अवो, तुमचा तो आकड्याचा चिमटा आणा इकडं."

"कशाला?"

"आणा म्हणते ना. एवढं सगळं मोजून राह्यले, आता तिचं बोट मोजा."

तिनं मोनालीचा हात धरून दिव्याखाली ओढला आणि पट्टी काढली. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, ती रोज टोचून टोचून बोटांची शेवटं उकलली होती. अंगठ्याला तर चीर पडून आतलं लाल दिसत होतं. तिखट लागलं की आग होते म्हणून चमचा.

मी म्हणालो, "अगं, मला सांगायचं न्हाई का?"

मोनाली म्हणाली, "काय सांगायचं मामा? सगळ्याच बायांचं असंच ऱ्हातं की."

मी ताट बाजूला सारलं. अंगठा दाबला की कळ येत होती, म्हणून छर्रा बाहेर राहत होता. पट्टीतून चाप समजत नव्हता, म्हणून छर्रा बाजूला जात होता. पावसात शेत बंद होतं म्हणून नेम सुधारला होता आणि मी फोन करून बॅरल पुसायची रीत सांगत होतो.

१७ नोव्हेंबर

सकाळी सांगितलं, निवड होईपर्यंत मोनाली शेतात जाणार नाही. ती म्हणाली, "आत्या एकट्या कशा वेचतील?" मी म्हणालो, मी जातो.

उषा हसली. आमच्याकडे गडीमाणूस नांगरतो, फवारतो, गाठोडी उचलतो, पण वेचत नाही. कोणी मनाई केलेली नाही. कोणाला सुचलेलंच नाही. मीही लहानपणापासून बांधावर बसून बायांचं वेचणं बघत आलो.

कमरेला कापूस टाकायची ओटी बांधून सरीत उतरलो तेव्हा शेजारचे अप्पाराव बांधावरून ओरडले, "मिस्त्री, वहिनीनं नोकरीला ठेवलं का?" मी म्हणालो, "हो, पण पगार ठरला न्हाई अजून." ते हसले. दुपारपर्यंत तीन वेळा बघायला आले.

वेचणं दिसतं तसं नाही. बोंडातून कापूस एका ओढीत यायला हवा. माझ्या हातून अर्धा बोंडातच राहत होता, उरलेल्यात पाला. उषा सरीच्या टोकाला जाऊन परत आली तरी मी निम्म्यावर. तिनं माझ्या ओटीत हात घातला आणि म्हणाली, "ह्यो कापूस हाये का कचरा? व्यापारी तोंडावर फेकंल."

२० नोव्हेंबर

आज संध्याकाळी शेडमध्ये एकटाच होतो. मोनालीला बोटं भरेपर्यंत सुट्टी दिली आहे. माझी बोटं जळत होती. सहज वाटलं म्हणून रायफल घेतली, दट्ट्या बाजूला ठेवला आणि अंगठ्यानं छर्रे भरून मोजले.

एकही नीट बसला नाही. दाबायचं ठरवत होतो तरी अंगठा आपोआप मागे येत होता. त्याच्यावर माझं काही चालेना. याला मी चित्त म्हणत होतो, आणि त्यावर भाषणही दिलं होतं. लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

२९ नोव्हेंबर

उषानं मेण आणि खोबरेल तेल गरम करून मोनालीला रोज लावलं. बोटं भरली. आज सहा दिवसांच्या सरावानंतर छर्रे पुन्हा एका जागी.

एक गोष्ट जरा लागली. मोनालीनं दट्ट्या फळीवर ठेवून दिला आहे आणि अंगठ्यानंच भरते. म्हणाली, "राग मानू नका मामा. अंगठ्याला कळतं, छर्रा ढिला हाये का घट्ट. ढिला असला की मी काढून टाकते. दट्ट्यानं सगळेच सारखे वाटतात."

मी लगेच व्हर्नियर आणला. तिच्या अंगठ्याची मापं दट्ट्याच्या मापांइतकीच सारखी निघाली. पुन्हा मोजली, कुठेतरी चूक निघेल म्हणून. निघाली नाही.

७ डिसेंबर

संभाजीनगर. आत पालकांना बसू देत होते, पण मला एका जागी बसवेना म्हणून बाहेर कडुलिंबाखाली थांबलो. तिथे एक वाळूजचे गृहस्थ होते, मुलीला घेऊन आलेले. त्यांनी विचारलं, "तुमची मुलगी का?" मी म्हणालो, "सून." त्यांनी मला चहा पाजला.

मोनाली बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. मागून अंगद सर पळत आले आणि लांबूनच ओरडले, "झालं, मिस्त्री! राज्याला झालं!" मग ती रडायला लागली. वाकून पाया पडायला लागली तर मी तिचे दोन्ही हात धरले, आणि मलाही रडू आलं. वाळूजचे गृहस्थ दुसरीकडे बघू लागले.

घरी फोन लावला. उषानं आधी विचारलं, "जेवली का ती?" मग म्हणाली, "मला म्हाईत होतं."

९ डिसेंबर

राज्य स्पर्धा जानेवारीत पुण्याला. पप्पूनं कंपनीत पेढे वाटले म्हणतो. रायफल राहिली.

आज सकाळी पुढची वेचणी निघाली. मोनाली शेडमध्ये गेली होती. मी अंगणात मोठ्या आवाजात सांगितलं, म्हणजे तिलाही ऐकू जावं, की जानेवारीपर्यंत कापसाला हात लावायचा नाही, हा या घरातला कायदा. बोटं जपायची. राज्याचं काम आहे, काही झालं तरी बोटं जपायची.

उषा उंबऱ्यात उभी राहून ओटी बांधत होती. मी तिला म्हणालो, "तू पण ऱ्हा आज घरी. मी जातो."

"मी कशाला?" ती म्हणाली. "माझी कुठं निवड झालीय?"

चेष्टेनंच म्हणाली, नेहमीसारखी. तिच्या ओटीची गाठ मी सोडू लागलो. ती "अवो, काय करून राह्यले, बाहेर अप्पाराव हायेत" म्हणत माझा हात ढकलत राहिली. मग ढकलायचं थांबली. मी ओटी माझ्या कमरेला बांधली आणि शेताकडे निघालो. बऱ्याच वेळानं मागे बघितलं तर ती अजून उंबऱ्यातच उभी होती. घरी राहून काय करायचं असतं, ते तिला माहीत नसावं.